टेकायला जागा

अक्का, आपल्यात सुतक नाही. गळ्यात शिवाचं लिंग असलं की विटाळ नाही आणि सुतकही नाही. त्यामुळे तुला आपल्या रीतीने मातीत बसवून आलो आणि तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. शेजारपाजारचे जरा बिचकले. माणूस गेलं की कुणाकडे दहा दिवस शिवायचं नाही, कुणाकडे तेरा, आणि हे शिवाप्पा बघा, सख्खी बहीण जाऊन दोन दिवस झाले तर गुळाच्या ढेपेवरच्या माशा हाकत बसलेत. दोघंतिघं मीठ घ्यायला आले आणि काय बोलावं ते न सुचून हळद पण घेऊन गेले.

पाचव्या दिवशी निजामाचं राज्य गेलं. ताडकळसच्या बाजारात लोक एकमेकांच्या तोंडात साखर घालायला लागले. कुणीतरी माझ्याही तोंडात चिमूट घातली. सुतक असतं तर हात पुढे करून सांगितलं असतं की बाबा, घरात मयत आहे. आपल्यात तसं सांगायची सोय नाही. मी ती साखर गालात धरून घरी आलो आणि परसात थुंकलो. राज्य गेल्याचं वाईट वाटलं म्हणून नव्हे. पण एखाद्याने पाहिलं असतं तर काय समजला असता, या भीतीने वर माती सारली. म्हणजे बघ, तू गेल्यावरही तुझ्या भावाचा धीटपणा जिथल्या तिथेच आहे.

आज आठवा दिवस. आपला वाद अर्धा राहिलाय, तो पुरा करायला बसलोय. तू असतीस तर चुलीपाशी पाठमोरी बसून ऐकलं असतंस आणि शेवटी म्हणाली असतीस, "झालं का तुझं?" माझ्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तू हेच म्हणायचीस. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तू पंधराची. मला घास भरवताना गोष्टी तू सांगायचीस. पुढे तू सासरी गेलीस, कपाळ पांढरं करून परत आलीस, आणि तोवर घरातला गोष्टीवाला मी झालो होतो. तू बोलणं माझ्यावर सोडून दिलंस आणि काम स्वतःकडे ठेवलंस.

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट तुला पाठ होती. पाहुणा आला, पान लावलं, की मी सुरू व्हायचो. आमच्या घरात बाई बाजूला बसत नाही. तिच्या गळ्यात लिंग आहे, तिला कसला विटाळ? शेजारी सखूबाईच्या घरी गोठ्यामागे खोप आहे, कावळा शिवला की सून चार दिवस तिथं. आमच्याकडे कावळ्याला मज्जाव. मग मी हसायचो आणि पाहुणाही हसायचा. तुझी भावजय गिरजा त्या वेळी भाकरी थापत असायची. महिन्याचे तीसही दिवस ती थापतच असायची, हे मात्र माझ्या गोष्टीत कधी आलं नाही. तूही थापलीस, वयाच्या पन्नाशीपर्यंत. मग तुझं ते बंद झालं आणि कुणाला काही कळलं नाही, कारण घरात काहीच बदललं नाही. बाजूला बसणारी बाई बसायची थांबली तर घराला कळतं. जी कधी बसलीच नाही, तिचं काय कळणार?

गेल्या पोळ्यानंतर तुझं पोट दिसायला लागलं. मी थट्टा केली. "अक्का, माझ्या पोटाशी पैज लावली काय?" तू हसलीस. मी ती थट्टा संक्रांतीपर्यंत रोज केली, कारण एक थट्टा चालली की ती झिजेपर्यंत वापरायची मला सवय आहे. तू पाण्याची घागर उचलणं सोडलंस, ते मला दिसलं. वय झालं म्हटलं. दुपारी तू सखूबाईकडे जायला लागलीस, तेही दिसलं. म्हटलं, म्हातारपणी गप्पांची गोडी लागली.

पौषातली ती दुपार. सखूबाई दुकानात आली, गूळ घेतला, आणि गिऱ्हाईक सरेपर्यंत उगीच डाळी चाळवत उभी राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "एक बोलू का? राग मानू नका."

"बोला की."

"तुमची अक्का आमच्या खोपीत येऊन पडायलीय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठं?"

"खोपीत. आमच्या सुना बसतात तिथं. महिन्यातून आठ दिस, दहा दिस. दुपारी येते, पोट धरून पडते, सांजच्याला उठून जाते. अंगावर जायलंय तिला. पाच-सहा वर्षं बंद होतं म्हनं, आता पुन्हा. मी म्हनलं, घरी सांग. तर म्हनली, घरी कुठं पडू? आमच्यात ते न्हाई." सखूबाईने गुळाची पुडी पदरात बांधली. "खरं हाय का आप्पा, तुमच्यात बाईला टेकायला जागाच न्हाई?"

मी घरी आलो. आणि आता ऐक, कारण हे मी तुला कधी नीट कबूल केलं नाही. मला पहिला राग आला तो धर्माचा. तू चुलीपाशी बसली होतीस. मी उभ्यानेच सुरू केलं. आपल्यात हे सगळं मोडून काढलं, आणि माझी सख्खी बहीण जाऊन विटाळाच्या खोपीत बसते? गावाने काय म्हणावं? मी ज्या पाहुण्यांना सांगत आलो त्यांनी काय म्हणावं? मी लिंगाचा महिमा सांगितला, बाईचा मान सांगितला, हातवारे केले. गिरजा म्हणते, मी बराच वेळ बोलत होतो. मला वाटलं दोन मिनिटं.

तू मध्ये एकदाही बोलली नाहीस. मी थांबल्यावर म्हणालीस, "झालं का तुझं? आता बस. मला दुखायलंय."

तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्याकडे पाहिलं. तोंड उतरलेलं, गालाची हाडं वर, आणि खाली ते पोट, जणू दुसऱ्याच कुणाचं आणून तुझ्या मांडीवर ठेवलेलं.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"सांगितलं कामून न्हाई?"

"कुणाला सांगू?" तू म्हणालीस. "आपल्यात ते न्हाई ना."

आपला वाद इथंच अडकला, अक्का. मी आठ महिने उत्तर शोधत होतो. आपला नेम वाईट नाही, हे मला अजून वाटतं. पण नेमाने खोप मोडली आणि आम्ही पुरुषांनी तेवढ्यावर पान खाल्लं. खोपीत बाईला हिणवायचे, हे खरं. पण चार दिवस तिथं कुणी तिला भाकरी थाप म्हणत नव्हतं, आणि तिला काय होतंय हे साऱ्या घराला कळत होतं, हेही खरं. तू म्हणाली असतीस, दोन्ही खरं तर मग भांडतोस कशाला. पण तू ते म्हणायच्या आत बैलगाडी जुंपावी लागली.

रेल्वेच्या लाईनीवर दूर एक मिशनचा दवाखाना होता, तिथं डॉक्टरीण बाई पोट कापून बरं करते असं गिरजाच्या माहेरी कळलं होतं. दिवस वाईट होते, रझाकारांचे. गाडीत बसलेला माणूस कुठल्या टेसनावर उतरवला जाईल याचा भरवसा नव्हता. तू डब्यात कोपऱ्याला टेकून बसलीस, मी तुझ्या आणि लोकांच्या मध्ये. माझ्या आडोशाचा एवढाच उपयोग, की मी रुंद आहे.

तिसऱ्या का चौथ्या टेसनावर खाकी कपड्यातले दोघं चढले. गठुडी उचकत उचकत आपल्यापाशी आले. एकाच्या हातात काठी होती. ती त्याने तुझ्या पोटाकडे रोखली.

"ये क्या छुपाई है बुढिया?"

मला बोलायचं होतं. घरी पाहुण्यांपुढे तासभर चालणारी जीभ टाळूला चिकटली. मी म्हणालो, "बीमार हैं." ते इतकं हळू निघालं की मला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

"उठाओ उसकू. लुगडा देखना."

तू माझा हात धरलास. तुझी बोटं थंडगार होती. तेवढ्यात समोरच्या बाकावरची बुरख्यातली बाई उठली. वयस्कर होती, जड होती, आपल्यापैकी कुणाशी बोलली नव्हती. ती मधे येऊन उभी राहिली, काहीही न विचारता तुझ्या पोटावर सपाट हात ठेवला आणि तसाच ठेवून त्या दोघांकडे वळली.

"पथ्थर है, भाई. बीमारी का पथ्थर. तुमारे घर में मां है ना? जाओ."

ते गेले. बाई परत जागेवर बसली, पण त्याआधी आपलं गठुडं खाली काढून तिने बाक मोकळा केला. "अम्मा, लेटो," म्हणाली. तू लेटलीस. पोळ्यापासून त्या दिवसापर्यंत तुला दिवसाउजेडी आडवं व्हायला जागा दिली ती दोन बायांनी, अक्का, आणि दोन्ही आपल्यातल्या नव्हत्या.

डॉक्टरीण बाई उंच, रोड, आणि रागीट. तिने तुला तपासलं, मग मला आत बोलावलं आणि तुझ्यासमोरच सांगायला लागली. बाईच्या ओटीपोटात दोन्ही अंगांना दोन बीजकोश असतात. पाळी गेली की ते सुकून लहान होतात. कधी त्यावर पाण्याची पिशवी धरते. तरण्या बाईची बरेचदा आपोआप जिरते. पाळी गेलेल्या बाईची वाढत गेली तर हयगय करायची नाही.

"आणि एकदा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर दिसलं, थेंबभर का होईना, तर त्याच आठवड्यात यायचं. तुम्ही किती महिने थांबलात?"

मी माझ्या धोतराच्या काठाकडे पाहिलं. तू म्हणालीस, "बाई, त्याला बोलू नका. त्याला ठाऊक नव्हतं."

दुसऱ्या दिवशी कापायचं ठरलं. आणि सकाळी भांडण. नर्स म्हणाली, अंगावर काही ठेवायचं नाही, दोरा नाही, डबी नाही. तू गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरलीस.

"हे अंगावरून निघालं की मी मेले. मेलेल्या बाईला कापून काय करता?"

डॉक्टरीण बाई आली. तिने समजावलं, मग दरडावलं, मग घड्याळ बघितलं. मी तुझ्या कानाशी लागलो, "अक्का, सोड आता, जीव मोठा." तू माझ्याकडे बघितलंस, लहानपणी मी भात सांडल्यावर बघायचीस तसं. मग डबी उघडलीस.

"शिवा, डावा हात पुढं कर."

पूजेत धरतात तसा मी तळहात धरला. तू त्यावर लिंग ठेवलंस.

"हा हात मी भरवून वाढवलाय. हा माझाच. मी परत येईस्तोवर खाली ठेवायचं न्हाई, मूठ मिटायची न्हाई."

डॉक्टरीण बाईने नर्सला खूण केली. तुला आत नेलं.

मी व्हरांड्यात उभा राहिलो. बसलो असतो तर हात हलला असता. अक्का, तळहात सपाट धरून उभं राहून बघ कधी. नाकाला खाज सुटते. पाठीत कळ येते. धोतराची गाठ सैल झाल्याचा भास होतो आणि एका हाताने ती तपासावी लागते. एक म्हातारी मला भिकारी समजून हातावर काहीतरी ठेवायला आली, जवळून बघितलं आणि हात जोडून निघून गेली. या सगळ्यात मी एकच म्हणत होतो, हात हलला नाही तर अक्का येईल. मला ठाऊक होतं की असं काही नसतं. तरी म्हणत होतो.

मग दार उघडलं आणि नर्स पांढरं चिनी भांडं घेऊन बाहेर आली. बघा म्हणाली. मी बघितलं. भोपळ्याएवढी पिशवी होती, निळसर, वरून शिरांचं जाळं, ओली चकाकणारी. तुझ्या पोटातून निघालेली.

पुढचं मला लादी गालाला गार लागली तेव्हापासून आठवतं. हात रिकामा होता.

लिंग बाकाखाली घरंगळलं होतं. झाडणाऱ्या बाईने दाखवलं, हात न लावता, नुसतं बोटाने. मी पोटावर सरपटत गेलो, उचललं, धोतराने पुसलं. वरच्या काळ्या लेपाचा कडेला टवका उडाला होता, तिळाएवढा. मी तो भाग खाली करून लिंग पुन्हा तळहातावर ठेवलं आणि पहिल्यासारखा उभा राहिलो, जणू हललोच नव्हतो.

त्यानंतर डॉक्टरीण बाई आली. आता रागीट नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. पिशवी फुटू न देता काढली, म्हणाली. पण आत आतड्यावर ज्वारीच्या दाण्यांसारखं पसरलंय, ते निघणारं नाही. सहा महिने, फार तर आठ.

"लवकर आलो असतो तर?"

"सांगता येत नाही. पुष्कळ पिशव्या साध्या पाण्याच्या निघतात, बाई घरी जाऊन वीस वर्षं जगते. कुठली साधी आणि कुठली नाही ते बाहेरून कळत नाही. म्हणून तर लवकर या म्हणतो आम्ही."

तू शुद्धीवर आलीस तेव्हा दुपार कलली होती. ओठ कोरडे. पहिला शब्द, "हात?"

मी तळहात पुढे केला. "हलला नाही."

"आणि पोटातलं?"

"पाण्याची पिशवी होती. निघाली सगळी. आता काही न्हाई."

दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही खोट्या. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "झालं का तुझं?" मला वाटलं, गुंगीत आहे.

घरी आल्यावर दोन महिने तू चांगली होतीस. भाकरीचा चतकोर जास्त खायचीस. सखूबाई येऊन बसायची, तुमचं हसणं दुकानापर्यंत यायचं. मला मात्र सकाळ नकोशी झाली. तू पूजेला बसलीस की मी दाराआड उभा. तू लिंग डाव्या तळहातावर घ्यायचीस, पाणी घालायचीस, विभूती लावायचीस, आणि मी बघत राहायचो की आता थांबेल, आता वळून बघेल, आता विचारेल. तू विचारलं नाहीस. तुझी नजर अधू झाली होती, मी त्याचे आभार मानले. बहिणीची नजर गेली म्हणून आभार मानणारा भाऊ, हेही लिहून ठेवतो.

वैशाखात पोट पुन्हा भरायला लागलं. मी म्हणालो, "उन्हाचं आहे." तू म्हणालीस, "असंल." आषाढात म्हणालो, "दमट हवेचं आहे." तू म्हणालीस, "असंल की." भाद्रपदात मी काही म्हणालो नाही. तूच म्हणालीस, "शिवा, आज गोष्ट न्हाई सांगायचा का?" मी लहानपणची सांगितली, तू भात भरवताना सांगायचीस ती. अर्ध्यात विसरलो. पुढचं तू सांगितलंस, एकेका शब्दाला थांबत. शेवटचा शब्द झाल्यावर मी वाट बघत राहिलो, आता म्हणशील म्हणून. म्हणाली नाहीस.

तुला खड्ड्यात बसवलं तेव्हा स्वामी म्हणाले, लिंग तिच्या हातावर ठेवा. डबी मी उघडली. माझा अंगठा आपोआप कडेला गेला, टवक्यावर. टवका नव्हता. बोट फिरवून पाहिलं. तिथं सारखं होतं, गुळगुळीत, जरासं जास्त काळं. स्वामी म्हणाले, "ठेवा, आप्पा." मी ठेवलं.

घरी येऊन गिरजाला विचारलं. ती भांडी घासत होती, वर न बघता म्हणाली, "दवाखान्यातून आल्या आल्याच केलंवतं अक्कांनी. डिंक खलून त्यात काजळ मिसळलं न् भरलं. मी म्हनलं, दिसलं कसं तुमाला? तर म्हनल्या, डोळ्याला न्हाई दिसलं, अंगठ्याला कळलं. चाळीस वर्षं रोज फिरतोय."

"मला का न्हाई बोलली?"

"म्हनल्या, त्याला सांगू नको. पडला असंल कुठंतरी चक्कर येऊन, लहानपनापासून रगत बघवत न्हाई त्याला." गिरजाने तांब्या पालथा घातला. "दुसरं पण खोटं बोलायलाय म्हनल्या, पोटाचं. बोलू द्या. शिवाला गोष्ट मधेच तोडलेली चालत न्हाई."

म्हणजे ते आठही महिने गोष्ट मी सांगत नव्हतो, अक्का. तू ऐकून घेत होतीस.

काल मी माळवदावरची बाज खाली काढली, नवी सुतळी घालून विणली आणि मधल्या घरात मांडली, जाता-येता दिसेल अशी. विणताना दोनदा चुकलो, एक कोपरा खाली झुकतो. गिरजाने विचारलं, "ही कुणासाठी?"

"ज्याला दुखतंय त्याच्यासाठी. ज्याला नुसतंच पडायचंय त्याच्यासाठी पण."

तिने झुकलेला कोपरा हाताने दाबून बघितला. आज दुपारी दुकानातून जेवायला आलो तर चूल थंड होती आणि गिरजा बाजेवर कुशीला वळून पडली होती. एक्केचाळीस वर्षांची माझी बायको, पंचवीस वर्षांत दिवसाउजेडी आडवी झालेली मी पहिल्यांदा बघितली. माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू. बाजेचा महिमा आला, बाईचा मान आला. ते सगळं गिळलं. पाट ओढून शेजारी बसलो आणि एवढंच विचारलं, "काय दुखतंय का?"

तिने पदर सारखा केला. मग सांगायला लागली. मी मधे बोललो नाही.